हवेचा एक घोट

लाइट गेले की घरात काय काय बंद पडतं ते सगळ्यांना पाठ असतं. पंखा, फ्रीज, वायफाय, गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटार. लाइट गेल्यावर सुरू होणारी गोष्ट मात्र मला एकच माहीत आहे, आणि ती कळली १२ ऑक्टोबर २०२० रोजी. सोमवार होता. सकाळी दहाच्या सुमारास वीजपुरवठ्यात मोठा बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम थंडावली. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. करोनाचे दिवस, त्यामुळे आमच्याकडे सगळे घरूनच काम करत होते. कुणाच्या लॅपटॉपची बॅटरी किती उरली, हॉटस्पॉट कुणाचा घ्यायचा, या धांदलीत दिवाणखान्यातल्या फिश टँककडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. तासाभराने दार वाजलं. खालच्या काकू होत्या.

"अहो, तुमचा नळ राहिलाय का उघडा? आमच्या पंख्याच्या हुकातून पाणी ठिबकतंय."

नळ बंदच होता. पण टँकखालच्या कपाटाच्या दारांतून पाणी बाहेर येत होतं आणि सतरंजी चिंब झाली होती. वरच्या टाकीतलं पाणी चांगलं सहा इंच उतरलं होतं आणि एंजल मासे उरलेल्या पाण्यात दाटीवाटीने फिरत होते. कपाटातली खालची टाकी काठोकाठ भरली होती. पाणी फिरवणारा पंप तर लाइट गेल्या क्षणीच थांबलेला. मग एवढं पाणी खाली आणलं कुणी?

कुणीच नाही. ज्या वाटेने पंप ते वर चढवत होता, त्याच वाटेने ते आपलं आपण खाली आलं होतं.

दोन टाक्यांचा संसार

लहान टँकमध्ये फिल्टर आतच बसवलेला असतो. टँक मोठा झाला, विशेषतः खाऱ्या पाण्याचा असला, की दोन टाक्या ठेवतात. वरची दिसायला, खालची कामाला. खालच्या टाकीला फिश टँकवाले 'सम्प' म्हणतात. वरच्या टाकीच्या एका कोपऱ्यात कंगव्यासारखे दाते असलेली भिंत असते. पाणी त्या दात्यांवरून सांडून ओव्हरफ्लोच्या कप्प्यात पडतं आणि पाइपाने खाली सम्पमध्ये उतरतं. तिथे स्पंज, सिरॅमिकच्या रिंगा वगैरेंमधून गाळलं गेलं की शेवटच्या कप्प्यातला रिटर्न पंप ते दुसऱ्या पाइपाने पुन्हा वर ढकलतो. दिवसरात्र हे चक्र चालू असतं. उतरायला पाण्याला वीज लागत नाही, चढायला लागते.

आता लाइट गेले असं समजा. सांडण्याची वाट आपोआप बंद होते. पातळी जेमतेम सेंटिमीटरभर उतरून दात्यांच्या खाली गेली की वरून पाणी पडायचं थांबतं. चढण्याच्या वाटेचं तसं नाही. तो पाइप पाण्याने गच्च भरलेला असतो. त्याचं वरचं तोंड टाकीत बुडालेलं, खालचं टोक पंपाला जोडलेलं. पंप बंद आहे म्हणजे वाट बंद आहे, असं आपण मनात धरतो आणि तिथेच फसतो. या पंपात एक पात्यांचं चाक असतं, बाकी काही नाही. चाक थांबलं की पात्यांच्या बाजूने पाणी हवं तिकडे सरकतं, वर जायचं तसंच खालीही. चालू असेपर्यंत जो पाइप पाणी चढवत होता, तो आता ते ओढून खाली आणतो. त्याचा सायफन होतो.

रहाटावरचा दोर

सायफन आपल्या लोकांना नवा नाही. रेशनच्या रॉकेलचा जमाना ज्यांनी पाहिला त्यांना ड्रममधून डब्यात रॉकेल काढण्याची रीत आठवत असेल. रबरी नळीचं एक टोक ड्रममध्ये, दुसऱ्या टोकाने तोंडाने एक झुरका ओढायचा, जिभेला चटका बसायच्या आत टोक डब्यात सोडायचं. मग रॉकेल आधी ड्रमच्या काठापर्यंत चढायचं आणि डब्यात उतरायचं. पहिला झुरका सोडला तर कुणी ढकलत नसे, कुणी ओढत नसे. शाळेच्या पुस्तकात याच नळीला वक्रनलिका असं भारदस्त नाव होतं.

पाणी चढ चढून पलीकडे उतरतं कसं, याचं उत्तर देताना शहाणीसुरती माणसंही चुकली आहेत. सायफन हवेच्या दाबामुळे चालतो, असं ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशात १९११ पासून छापलेलं होतं. ब्रिस्बेनच्या क्वीन्सलंड तंत्रविद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन ह्यूज दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बॉनी सरोवरात प्रचंड सायफनने पाणी सोडण्याच्या कामाविषयी लिहीत होते. तेव्हा ही व्याख्या त्यांच्या नजरेस पडली आणि २०१० मध्ये त्यांनी ती कोशकारांच्या लक्षात आणून दिली. म्हणजे ९९ वर्षं कुणाला खटकली नव्हती.

खरं कारण विहिरीच्या रहाटावर दिसतं. रहाटाच्या चाकावरून दोर टाकला आणि एक बाजू दुसरीपेक्षा लांब सोडली, तर जड बाजू खाली सरकते आणि हलकी बाजू तिच्यामागे वर ओढली जाते. नळीतल्या पाण्याचंही तसंच. उतरणारी बाजू लांब म्हणून जड, ती खाली जाते आणि चढणाऱ्या बाजूला ओढून नेते. काम गुरुत्वाकर्षणाचं. हवेच्या दाबाचा वाटा एवढाच, की तो दोन्ही टोकांकडून रेटा देऊन पाण्याचा हा दोर वरच्या वळणाशी तुटू देत नाही. म्हणूनच साध्या पाण्याच्या सायफनचं वळण सुमारे १० मीटरपेक्षा उंच नेता येत नाही. टँकच्या काचेवरून वळणारा पाइप पाण्याच्या वर असतो जेमतेम वीतभर, म्हणजे दोर तुटण्याची शक्यताच नाही.

दोर तुटतो तो एकाच गोष्टीने, मध्ये हवा शिरली की. रॉकेलवाल्याला हे पक्कं ठाऊक असायचं. डबा भरत आला की तो नळीचं ड्रममधलं टोक जरा वर उचलायचा. नळी हवेचा एक घोट घ्यायची, 'घर्र' असा आवाज व्हायचा आणि धार तुटायची. टँकचा सायफन तोडण्याची सगळी विद्या त्या उचललेल्या टोकात आहे.

वसुदेवाचा पेला

पितळेच्या जुन्या वस्तूंमध्ये कधी कधी एक गमतीचा पेला दिसतो. त्यात टोपलीतल्या बाळकृष्णाला घेऊन यमुना ओलांडणारा वसुदेव उभा असतो. पेल्यात पाणी ओतत जा, यमुना चढत जाते. पाणी कृष्णाच्या पायाला लागलं की पुराला जणू आज्ञा होते आणि पेला तळातून भराभर रिकामा होतो. वसुदेवाच्या पोटात एक वाकडी नळी लपवलेली असते. पाणी तिच्या वळणाच्या वर गेलं की सायफन लागतो. ग्रीसमध्ये याच करामतीचा पेला पायथागोरसच्या नावाने विकतात, तिथे तो हावरटाला धडा शिकवतो. बेताने भराल तर प्याल, काठोकाठ भराल तर सगळंच घालवाल.

या पेल्याची मला सर्वांत उपयोगी वाटलेली बाब निराळी आहे. पाणी कृष्णाच्या पावलाच्या खाली गेलं तरी निचरा थांबत नाही, पेला तळापर्यंत कोरडा होतो. कारण वाकड्या नळीचं आतलं तोंड तळाशी असतं आणि ते उघडं पडेपर्यंत तिला हवा मिळत नाही. तेच तोंड पेल्याच्या मध्यावर असतं, तर अर्धा पेला शिल्लक राहिला असता. सायफन किती पाणी नेणार हे पाइपाची जाडी ठरवत नाही की पंपाची ताकद. आतलं तोंड किती खोल बुडालं आहे, यावरच ते ठरतं.

माझ्या टँकमध्ये काय झालं त्याचा हिशेब आता दोन ओळींत मांडता येतो. टाकी १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद. म्हणजे पातळी १ सेंटिमीटर उतरली की ५.४ लिटर पाणी गेलं. पाणी तळापर्यंत छान ढवळलं जावं म्हणून रिटर्नचं नोझल मी पृष्ठभागाखाली १५ सेंटिमीटरवर ठेवलं होतं. १५ गुणिले ५.४ म्हणजे ८१ लिटर. खालचा सम्प ९० बाय ३५ चा, ४० सेंटिमीटर उंच, आणि पंप चालू असताना त्यात २५ सेंटिमीटर पाणी. वरची मोकळी जागा १५ सेंटिमीटरची, तिच्यात जेमतेम ४७ लिटर मावणार. उरलेलं ३४ लिटर पाणी काकूंच्या पंख्याकडे निघालं. विसरलेल्या नळाएवढं गूढ त्यात काहीच नव्हतं. चौथीच्या मुलाला हे गणित घातलं असतं तर त्याने पाटीवर सोडवून दिलं असतं. मी ते घातलं नव्हतं, इतकंच.

आणि लाइट परत आल्यावरचा धोका वेगळाच. पंप सुरू झाला की आधी वरची टाकी दात्यांपर्यंत भरावी लागते, आणि ती भरेपर्यंत वरून खाली थेंबही येत नाही. सम्पमध्ये आडव्या काचा लावून कप्पे केलेले असतात, त्यामुळे पंपाला त्याच्या कप्प्यातलं आणि काचांच्या वरचं तेवढंच पाणी मिळतं. ते संपलं की पंप कोरडा फिरतो. बुडून चालणाऱ्या पंपाला गार ठेवतं ते पाणीच, त्यामुळे काही वेळात तो जळतो. आधी पाणी जातं, मागून पंप.

तोंड वर, भोक जवळ

उपायांची सुरुवात अर्थातच तोंडापासून. नोझल पृष्ठभागाखाली दोनएक सेंटिमीटरवर आणून ठेवलं, की आमच्या टाकीतून जातं अकराएक लिटर. त्यात पाइपातलं पाऊण लिटर आणि ओव्हरफ्लोच्या कप्प्यातलं थोडं मिळवलं तरी सम्पमधली निम्मी मोकळी जागाही भरत नाही. पाणी तळापर्यंत ढवळायचं असेल तर त्यासाठी टाकीत वेगळा छोटा प्रवाहपंप लावावा, रिटर्नचं तोंड खाली नेऊ नये. वळवता येणारी मणक्यासारखी नोझलं असतील तर काच घासताना हाताचा धक्का लागून ती खाली झुकतात. एका बोटाच्या धक्क्याने हिशेब पन्नास लिटरने बदलतो. म्हणून सफाईनंतर नोझलाकडे एकदा नजर टाकायची.

तोंड काही कारणाने खोलच ठेवायचं असेल, तर पाइपाला दुसरं, खोटं तोंड द्यायचं. काचेवरून वळून टाकीत उतरणाऱ्या पाइपाला पाण्याच्या पातळीखाली अर्धा-एक सेंटिमीटरवर पाच-सहा मिलिमीटरचं भोक पाडायचं. पंप चालू असताना त्यातून एक बारीक धार टाकीतच पडत राहते, नुकसान काही नाही. लाइट गेले, पातळी बोटभर उतरली, की ते भोक उघडं पडतं. पाइप हवा पितो आणि दोर तुटतो. खालचं तोंड कितीही खोल असो.

भोक कुठे आणि केवढं, यात खुबी आहे. ते पाण्याच्या वर पडलं तर पंप चालू असताना पिचकारी उडून आधी झाकण आणि मग दिव्याची फिटिंग भिजते. खाऱ्या पाण्यात तिथे मिठाचे थर चढतात. अगदी पृष्ठभागालगत पडलं तर वाहतं पाणी हवा ओढून टाकीभर बारीक बुडबुडे सोडतं. दोन मिलिमीटरचं बारीक भोक पाडलं तर शिरलेली हवा वाहत्या पाण्यासोबत बुडबुडे होऊन खाली जाते आणि सायफन तसाच चालू राहतो. एका घोटाने दोर तुटायला घोट पुरेसा मोठा लागतो. भोकाचं तोंड खाली, पाण्याकडे हवं. एकाऐवजी दोन भोकं असतील तर उत्तम.

दोन कशासाठी? कारण पाण्यातल्या प्रत्येक भोकावर कुणा ना कुणाचा डोळा असतो. शेवाळ त्यात घर करतं. समुद्री टँकमध्ये गुलाबी-जांभळं चुनखडीचं शेवाळ त्याला सिमेंटसारखं लिंपून टाकतं. गोगलगाईला तर ते भोक जणू मापाने बेतलेलं वाटतं. आठवड्याला पाणी बदलताना टूथपिक किंवा जुना टूथब्रश त्यातून एकदा फिरवायचा. एवढीच देखभाल, पण ती चुकवायची नाही.

काहींचा पाइप काचेवरून वळत नाही, टाकीच्या मागच्या काचेला भोक पाडून आत येतो. तिथे लाइट गेल्यावर पाणी परत येतं ते निव्वळ उताराने, त्याला सायफन म्हणणं शास्त्राला धरून नाही. पण सतरंजीला या फरकाचं सोयरसुतक नसतं. हिशेब तोच राहतो, टाकीतल्या सर्वांत खालच्या उघड्या तोंडापर्यंतचं पाणी खाली येणार. अशा ठिकाणी आतला पाइप पृष्ठभागाजवळ वर वळवून घेतात आणि पाणी तिथूनच सोडतात.

फूटव्हॉल्व्हची शिकवण

इथवर वाचून कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? एनआरव्ही लावा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. दुकानदारही आधी हेच सुचवतो. मलाही सुचवलं गेलं होतं.

पण विहिरीवर मोटार असलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारून बघा. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या बुडाशी फूटव्हॉल्व्ह असतो, तीही अशीच एकमार्गी झडप. मोटार बंद झाल्यावर पाइपातलं पाणी विहिरीत परत जाऊ नये, एवढंच तिचं काम. आणि तो शेतकरी सांगेल, की फूटव्हॉल्व्ह गळणं ही जगातली सर्वांत साधी घटना आहे. एखादं पान, काडी, वाळूचा खडा झडपेत अडकला की ती पूर्ण मिटत नाही. रात्रभरात पाणी उतरतं, सकाळी मोटार नुसती घुमते, आणि मग पाइपात बादलीने पाणी ओतत बसावं लागतं.

फिश टँकच्या झडपेची गत तीच. इथे काडीच्या जागी गोगलगाय, वाळूचा कण, नाही तर झडपेच्या बैठकीवर साचलेला क्षार असतो. महिनोन्महिने पाणी एकाच दिशेने वाहत असतं, झडप उघडीच राहते आणि तिच्या बिजागरीवर थर चढत जातो. ज्या एका क्षणी तिने मिटायचं, त्या क्षणी ती अर्धवट मिटते. शिवाय पाण्याला ती चालू असतानाही थोडा अडथळा करते, म्हणजे पंपाचा ओघ कमी होतो.

झडपेचा याहून मोठा दोष यंत्राचा नाही, आपल्या मनाचा आहे. झडप आहे म्हटल्यावर आपण सम्प निर्धास्त काठोकाठ भरतो. नोझल खोल नेतो. भोक साफ करत नाही. पहिल्या वर्षी झडप चोख काम करते, म्हणून आपला विश्वास वाढतो, आणि जेवढा विश्वास वाढतो तेवढं तिच्या बिघडण्याचं मोल वाढतं. उंचीचं तसं नाही. दोन सेंटिमीटरवर असलेलं तोंड दोन वर्षांनीही दोन सेंटिमीटरवरच असतं. सम्पमधली रिकामी जागा गंजत नाही, तिच्यात गोगलगाय अडकत नाही.

म्हणून झडप लावायची असेल तर खुशाल लावा, पण हिशेब करताना ती नाहीच असं धरा. लावताना तिच्या दोन्ही बाजूंना युनियन टाका, म्हणजे पाइप न कापता काढून धुता येईल. बाण पाण्याच्या दिशेने, वर, आहे ना ते पाहा. हार्डवेअरच्या दुकानात पितळी झडप चटकन मिळते आणि टिकाऊही दिसते, पण फिश टँकला ती वर्ज्य. पितळेत तांबं असतं आणि पाण्यात उतरलेलं थोडंसं तांबंही कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांना मारून टाकतं. प्लास्टिकचीच घ्यावी.

मार्करची रेघ

हे सगळं केल्यावर कागदावरचा हिशेब खरा आहे की नाही, हे तपासायची एकच रीत आहे. लाइट जायची वाट न पाहता आपणच बटण बंद करायचं, तेही दुपारी, घरात असताना, हाताशी बादली आणि फडकं घेऊन. पाइपाने 'घर्र' केल्याचा आवाज ऐकू येईपर्यंत थांबायचं. त्यानंतरही दहा मिनिटं पाहायचं, कारण ओव्हरफ्लोच्या कप्प्यातलं पाणी हळूहळू उतरत असतं.

सम्पची पातळी ठरवण्याची रीतही याच क्रमाने, उलट दिशेने. पंप बंद ठेवा. वरचं सगळं पाणी खाली येऊन थांबू द्या. मग सम्प काठाखाली तीन-चार बोटं जागा ठेवून भरा. आता पंप सुरू करा. पाणी वर जाईल, सम्पची पातळी उतरेल आणि एका जागी स्थिर होईल. तिथे काचेवर मार्करने रेघ ओढा. ही लक्ष्मणरेषा. रोज उडून जाणारं पाणी भरताना या रेघेच्या वर एक तांब्याही घालायचा नाही. आमच्याकडे ही रेघ लाल आहे आणि घरातल्या सर्वांत धाकट्या सदस्यालाही तिचा अर्थ माहीत आहे.

ज्यांच्याकडे सम्प नाही, साधा बुडबुडे सोडणारा टँक आहे, त्यांनी मोकळा श्वास घेऊ नये. एअर पंप टँकखालच्या फळीवर ठेवलेला असेल तर लाइट गेल्यावर हवेच्या नळीत पाणी चढतं, काचेवरून वळतं आणि थेट पंपात उतरतं. तिथून फळीवर, आणि फळीवर स्विचबोर्ड असला तर पुढचं सांगायला नको. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवणं हा सर्वांत साधा उपाय. ते जमत नसेल तर नळीत बोटाच्या पेराएवढी छोटी झडप लावावी, आणि ती योग्य दिशेने आहे ना ते फुंकून पाहावं. वायरही सॉकेटमध्ये शिरण्याआधी खाली लोंबती ठेवावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारा थेंब सॉकेटकडे न जाता त्या झोळाच्या बुडाशी गळून पडतो.

उडालेलं पाणी भरण्यासाठी उंचावर बादली ठेवून नळी सम्पमध्ये सोडणारेही पुष्कळ. त्या नळीचं टोक सम्पच्या पाण्यात बुडालं तर तिचाही सायफन लागतो आणि अख्खी बादली रिकामी होते. टोक नेहमी पाण्याच्या वर, मोकळ्या हवेत.

काकूंचा ड्रम

त्या सोमवारी खालच्या घरी फरशी पुसायला गेलो. काकूंच्या न्हाणीघरात निळा ड्रम होता. महापालिकेचं पाणी ठरावीक वेळीच येतं, म्हणून नळाला रबरी पाइप लावून त्याचं दुसरं टोक ड्रमच्या तळाशी सोडलेलं. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. घरी येऊन नोझलाचा हिशेब मांडत बसलो, आणि मग उजेड पडला.

पाणी जातं तेव्हा नळ उघडा राहिला तर तो 'सूं' करून हवा ओढतो, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. लाइनमधलं पाणी उताराकडे निघून जातं, मागे पोकळी उरते आणि ती मिळेल ते ओढते. नळाचं तोंड मोकळं असेल तर हवा. त्याला लावलेला पाइप ड्रममध्ये बुडालेला असेल तर ड्रममधलं पाणी, त्यात कपडे भिजवले असतील तर साबणासकट. त्यात कुणी लाइनलाच मोटार लावून पाणी खेचत असेल तर ओढ आणखी वाढते. फिश टँकमध्ये जे माशांचं पाणी सतरंजीवर आणतं, तेच इथे एका घरचं सांडपाणी दुसऱ्या घरच्या माठात नेऊ शकतं.

ही भीती पोकळ नाही. १९३३ मध्ये शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं असताना तिथल्या दोन हॉटेलांत उतरलेल्यांना आमांशाची लागण झाली. जुन्या, चुकीच्या जोडण्यांच्या नळयोजनेतून घाण पाणी पिण्याच्या पाण्यात शिरत होतं. सुमारे १४०० लोक आजारी पडले आणि शंभराच्या आसपास दगावले. पाणी उलटं ओढलं जाणं ही प्लंबरची किरकोळ कटकट आहे, असं त्यानंतर कुणी म्हणू शकलं नाही.

त्यावर नळकाम करणाऱ्यांचा जो नियम आहे त्यात झडप नाही, यंत्र नाही. नळाचं तोंड आणि खालच्या भांड्याचा काठ यांमध्ये मोकळी हवा ठेवा, निदान नळाच्या तोंडाच्या दुप्पट, आणि कधीही इंचापेक्षा कमी नाही. वॉश बेसिनचा नळ काठाच्या वर का असतो, याचं उत्तर हेच. नळाला पोकळीने कितीही ओढलं तरी त्याच्या तोंडाशी पाणी नाहीच, आहे ती हवा. बिघडायला त्यात काहीच नाही.

मी हे सगळं काकूंना सांगायला गेलो. शिकागो त्यांना फारसं पटलं नाही. पण ड्रममधलं साबणाचं पाणी आपल्याच स्वयंपाकघरातल्या नळाला येऊ शकतं, म्हटल्यावर त्यांनी भाच्याला हाक मारली. आता त्यांचा रबरी पाइप ड्रमच्या काठाच्या चार बोटं वर खिळ्याला अडकवलेला असतो. पाणी भरताना थोडं उडतं, त्याबद्दल त्या मला बोल लावतात. आणि लाइट गेले की जिन्यातून वर हाक येते, "झालं का घर्र?"

मी कान देऊन ऐकतो. झालेलं असतं.